माधवरावांची तांबडी पेन्सिल

३ नोव्हें., सोमवार

संपादकांचा फोन. "सर, या रविवारी अणुबॉम्ब." जणू या रविवारी अळूची भाजी. तो देश बॉम्ब बनवतोय, तर जगाने काय करावं, आठशे शब्द. "पण हलकं ठेवा हं सर, लोक रविवारी वाचतात." विचारलं, किती किलोटनपर्यंत हलकं? हसले नाहीत. लिहून घेत असावेत.

त्या देशाचं नाव इथेसुद्धा लिहीत नाही. टीव्हीवर तो 'शत्रुराष्ट्र' आहे, तेवढं पुरे. चार चौकोनांत चार निवृत्त साहेब. एक म्हणे उडवून द्या. दुसरा म्हणे नाकेबंदी करा. तिसरा म्हणे चर्चा. चौथ्याचा आवाज येत नव्हता. सगळ्यांत समंजस तोच वाटला.

शुभा (इस्त्री करता करता): "तुम्ही जगाला सांगा काय करायचं ते. आपल्या गच्चीची किल्ली कोणाकडे आहे, ते दोन वर्षं सापडत नाहीये."

५ नोव्हें., बुध.

शु.बरोबर शिवणे गावाला, माधवरावांकडे. हा तिचा थोरला भाऊ. वर्कशॉपचं सत्ताविसावं वर्ष. आम्ही डिंकाचे लाडू घेऊन गेलो, त्यांनी एक खाऊन सांगितलं, "खारीक अंमळ जास्त." हे कौतुक होतं.

तीन मशिनांवर मेणकापड. गाड्यांचे भाग घेणारं मोठं गिऱ्हाईक उन्हाळ्यात गेलं, ते गेलंच. ऋता, त्यांची मुलगी, हिंजवडीची नोकरी सोडून आता बाबांचं ऑफिस सांभाळते. तिने दारातच धरलं. "काका, न्यूज आहे! दोन वर्षांचं काम आलंय. दोन वर्षांचं!" आखाती देशातली एक व्यापारी कंपनी. दुधातली साय वेगळी काढायच्या यंत्रातला एक फिरणारा भाग. आधी सहा नमुने मागवले होते, ते पसंत पडले, आता भरपूर हवेत.

माधवरावांनी मला त्या नमुन्यांच्या वेळचा कागद दाखवला. गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग, आणि त्यावर तांबड्या पेन्सिलीच्या खुणा. ही त्यांची खोड आख्ख्या शिवण्याला माहीत आहे. कोणाचंही ड्रॉइंग आलं की काम नंतर, आधी तपासणी. चूक सापडली की गोल, बाजूला बारीक अक्षरात योग्य आकडा, खाली 'कृपया सुधारून घ्यावे', सही, तारीख. दोन गिऱ्हाइकं याच कारणाने दुरावली. तरी खिशातली पेन्सिल खिशातच.

"चार चुका होत्या," मा. म्हणाले. "कळवल्या. लगेच आभाराचं पत्र. म्हटलं, चला, जगात कोणीतरी शिकायला तयार आहे. नमुने मग मागितल्यापेक्षा बारीक मापात करून पाठवले. मागितलं तेवढं कोणीही देतं."

ऋता हसत होती. फोरमन वानखेडे हसत नव्हता. मला वाटलं, दात दुखत असेल.

८ नोव्हें., शनि.

लेख पाठवला. अणुतपासनिसांची तुलना सोसायटीच्या पाण्याच्या टाकीसमितीशी केली आहे. यायचं, चहा घ्यायचा, झाकण उचलायचं, आत डोकवायचं, 'पाणी आहे' असं लिहायचं, सही करून उतरायचं. मधे एक परिच्छेद माहितीचा, नाहीतर लोक म्हणतात नुसता टवाळ आहे: युरेनियम शुद्ध करायला भयंकर वेगाने फिरणारी यंत्रं लागतात, जड ते बाजूला, हलकं ते मधे, तत्त्व अगदी ताक घुसळण्याचं. 'ताक' शब्दावर खूश होऊन स्वतःच एक चहा घेतला.

९ नोव्हें., रवि.

लेख आला. टाकीसमितीवर लोक खूश. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यात भेटले, नमस्कार न करता गेले, म्हणजे वाचलाय.

दुपारी अनोळखी नंबर. वानखेडे. "सायेब, तुमचा लेख वाचला. येक विचारायचं होतं. फोनवर नाई."

१० नोव्हें., सोम.

स्वारगेटला भेटलो. त्याला यवतमाळची गाडी धरायची होती, आई आजारी. पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसला आणि माझ्याकडे न बघता बोलला.

"तुम्ही ते ताकाचं लिवलं. गरगर फिरवून जड-हलकं येगळं करायचं. ते दुधावानीच हाय ना?"

म्हटलं, तत्त्व तेच.

"माह्या साळ्याची डेअरी हाय गावाकडं. साय काढायचं मशीन मी माह्या हातानं खोललं हाय. दणकट काम असते त्याचं. आपल्या सायबाचा भाग पाह्यला तुम्ही? हातात धरला का भेव वाटते. दुधाले येवढी बारीकी लागत नाई, सायेब. ज्याच्यासाठी हे लागते, ते दूध नोहे."

माधवरावांना का नाही सांगत, विचारलं.

"मी काऊन तोंड उघडू? पोरगी खूश, सायेब खूश. अन् माही नोकरी बी त्याच कामावर हाय." मग गाडी लागली. चढताना म्हणाला, "तुम्ही घरचे हाय."

तिथून नारायण पेठेपर्यंत चालत आलो. चालण्यामागे विचार वगैरे काही नव्हता. बसमधे कोणी 'लेख छान' म्हटलं असतं तर काय करायचं, म्हणून.

११ नोव्हें., मंगळ.

दिवसभर काही केलं नाही. स्वतःला बजावलं: वानखेडे फोरमन आहे, शास्त्रज्ञ नाही. मग आठवलं, मीही नाही. त्याने निदान यंत्र खोललं आहे.

संध्याकाळी शु.ला सांगितलं. तिने गॅस बंद केला. "आणि कालपासून पोटात ठेवून बसलात? जगाला आठशे शब्द, आणि माझ्या भावाला एक नाही?"

१२ नोव्हें., बुध.

शिवणे. माधवराव, ऋता, आम्ही दोघं. मी प्रस्तावना करत होतो, शु.ने ती कापून एका वाक्यात सांगितलं.

मा. तांबडे झाले. "वानखेडेला दुधातलं काय कळतं?"

शु.: "दादा, त्याला दुधातलंच कळतं."

ऋता: "काका, सिरियसली? त्यांनी लेटरहेडवर लिहून दिलंय, डेअरी यूज. आणि बाबा काय बॉम्बवाले दिसतात का?"

बॉम्बवाले कसे दिसतात, कोणालाच माहीत नव्हतं. माधवरावांनी कपाटातून एक नमुना काढला. सहा पाठवले, सातवा स्वतःकडे ठेवलेला, चांगलं काम झालं म्हणून. तो तळहातावर उभा ठेवला. मग ते ड्रॉइंग पसरलं आणि एका कोऱ्या कागदावर आकडेमोड सुरू केली. आम्ही तिघं शाळेच्या परीक्षेत बसल्यासारखे. बाहेर एक लेथ चालू होतं, तेही कोणीतरी बंद केलं.

बऱ्याच वेळाने पेन्सिल खाली ठेवली.

"पहिल्या तीन चुका हलगर्जीपणाच्या. कोणीही पकडल्या असत्या. चौथी… चौथी तशीच राहिली असती तर हा भाग त्या वेगाला फुटला असता."

"कुठल्या वेगाला?"

"तेच. मला तेव्हाच विचारायला हवं होतं, कुठल्या वेगाला." मग माझ्याकडे पाहून, अगदी साधेपणाने, "विनायकराव, मला वाटलं, तिकडचं दूध चांगलं असेल."

हसू आलं नाही. हसू न येण्याचा हा माझा पहिलाच विनोदी प्रसंग.

१५ नोव्हें., शनि.

अठ्ठ्याण्णव साली आपण चाचण्या केल्या तेव्हा मी चौकात पेढा खाल्ला होता. दोन खाल्ले. तेव्हा कोणी आपल्याला काय म्हणत होतं, आणि आपण त्यांना काय म्हणत होतो, ते आठवलं की आज टीव्हीवरचं बरंच ओळखीचं वाटतं. त्या देशाच्याही कुठल्या चौकात पेढ्यासारखं काहीतरी तयार असेल. आपल्याकडे आहे म्हणून त्यांच्याकडेही असू दे, असं मात्र मला वाटत नाही. त्यांच्या राज्यकर्त्यांची भाषणं ऐकली आहेत. शेजाऱ्याला नकाशावरून पुसायची भाषा उघड करतात. अशा माणसाच्या हाती आगपेटीसुद्धा नको. तरी 'नको' म्हणताना तोंडात पेढ्याची चव येते, त्याचं काय करायचं ते कळत नाही.

त्याच वर्षी माधवरावांनी वर्कशॉप काढलं. मोजमापाचं एक परदेशी उपकरण मागवलं होतं, ते निर्बंधांत अडकलं. पत्र आलं, तुमच्या देशाला देता येत नाही. माणूस पेटला. तीन वर्षं हाताने, डोळ्याने, कानाने बारीकी शिकला. मशीनच्या आवाजावरून किती घासलं गेलं ते सांगायचा. तेव्हा आम्हाला अभिमान होता: बघा, अडवलंत, काय बिघडलं?

म्हणजे नाकेबंदी झाली म्हणून माधवराव तयार झाले. आणि तिकडेही नाकेबंदी आहेच. म्हणून ते आखातातल्या कंपनीच्या आडून कागद घेऊन शिवण्यापर्यंत येतात, आणि माधवराव त्यांचा कागद तपासून देतात.

टीव्हीच्या चौकोनातल्या दुसऱ्या साहेबांना हे सांगायला हवं. पण मग त्यांनी विचारलं, 'बरं, नाकेबंदी नको, तर काय करायचं?' तर माझ्याकडे टाकीसमितीचा विनोद आहे.

१८ नोव्हें., मंगळ.

पुन्हा शिवणे. वानखेडे परत आला आहे, आई बरी. यावेळी त्यालाही बोलावलं.

ऋताने सरकारची यादी शोधून काढली. परवानगीशिवाय कोणत्या वस्तू देशाबाहेर पाठवायच्या नाहीत, त्याची. आपला भाग त्यात बसतो. आधी पाहिलीच नव्हती. दुधासाठी कोण पाहतो? चेहरा पांढरा झालेला. तरी भांडली. "ओके, नाही म्हणू. मेल करून टाकते, मशीन बिझी आहेत. पण आपण नाही दिलं तर दुसरं कोणी देईल, बाबा. मग आपणच का मरायचं?"

माझ्या मनातलं बोलली. मी मान हलवलीसुद्धा असेल. शु.ने पाहिलं.

"नाही म्हणून सोडून द्यायचं का मग?" शु.

वानखेडे दारापाशीच उभा होता, बस म्हटलं तरी. "गेलेल्या साहाचं काय?"

ऑर्डर नाकारता येते. सहा नमुने आणि चार दुरुस्त्या परत मागता येत नाहीत. दिल्लीला कळवायचं तर आधी 'आम्ही पाठवले' हे लिहायला हवं. चौकशी होणार. सील लागलं तर अकरा माणसं घरी. ऋता रडायला लागली, मग रडतानाच चिडली. "नोकरी सोडून आले मी इथे! हे बंद पडायला?"

मा. तिच्याजवळ गेले नाहीत. खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "मला कोणाचं ड्रॉइंग सुधारायला कोणी सांगितलं नव्हतं. मी सुधारलं. आता आपलं सुधारायचं तर लाज कसली?" मग मला, "लेखक, पत्र तुम्ही लिहा. विनोद नको. विशेषणंही नकोत."

१९ नोव्हें., बुध.

पंचवीस वर्षं लिहितोय. चौदा ओळींना सकाळ गेली.

दुपारी माधवरावांना वाचून दाखवलं. त्यांनी कागद मागितला, पेन्सिल काढली. मी लिहिलं होतं, 'आमच्याकडून अनवधानाने सहा नमुने पाठवले गेले'. 'अनवधानाने'भोवती गोल.

"हे काढा."

"वकिलाने तेच सुचवलं असतं."

"वकील नव्हता तिथे. मी होतो. लक्ष देऊन केलं. इतकं लक्ष मी ऋताच्या लग्नाच्या याद्यांकडेही दिलं नाही."

काढलं. 'पाठवले गेले' हेही काढायला लावलं. आता तिथे 'मी पाठवले' आहे. पत्र एका ओळीने लहान आणि बरंच जड झालं.

२१ नोव्हें., शुक्र.

पत्र गेलं. सोबत ड्रॉइंगची प्रत, तांबड्या खुणांसकट. ऋता भागीदार म्हणून तिचीही सही. मा. म्हणाले, नको, माझी एकट्याची पुरे. ती म्हणाली, "बाबा, मूव्ह," आणि केली.

संपादक: "सर, तपासनिसांवर अजून एक येऊ द्या ना. खूप चाललाय." म्हटलं, सध्या डासांवर लिहितो. "डास पण चालतील सर."

२४ नोव्हें., सोम.

दिल्लीहून फोन, ऋताला. सभ्य आवाज. काही हलवू नका, काही पुसू नका, त्या कंपनीला काही उत्तर देऊ नका, आम्ही येतो. कधी, ते कळवू. सील लावणार का, हे तिने विचारलं. आवाज म्हणाला, आधी बघू द्या.

मशिनांवर अजून मेणकापड. आता पाच मशिनांवर.

२६ नोव्हें., बुध.

त्या कंपनीचा मेल. आपल्याकडून उत्तर आलं नाही, म्हणजे आपण कामात असाल असं समजतो. काम दुसरीकडे देत आहोत. आपल्या आधीच्या सूचनांबद्दल अत्यंत ऋणी. आपल्यासारखा जाणकार विरळा, तेव्हा सुधारलेलं अंतिम ड्रॉइंग सोबत जोडत आहोत, एकवार नजर टाकावी ही विनंती.

पुण्यातला माणूस कशाने पाघळतो, हे परक्या देशातल्या कोणी ओळखलं, तेही दोन पत्रांत. आमच्या सुनांना वीस-वीस वर्षं लागतात.

ऋताने मेल दिल्लीला पुढे पाठवला. मग बाबांना सांगितलं. मा. म्हणाले, "छापून आण." ती नको म्हणत होती. "दिल्लीवाल्यांनी उत्तर देऊ नका सांगितलंय, बघू नका नाही," ते म्हणाले.

२९ नोव्हें., शनि.

शु.ला दादाची काळजी, म्हणून आम्ही गेलो. वर्कशॉपमधे रेडिओसुद्धा बंद. टेबलावर ते ड्रॉइंग, चारही कोपऱ्यांवर वजनं. सुरेख काढलेलं, मलासुद्धा कळावं इतकं. चारही दुरुस्त्या जिथल्या तिथे. त्यावर तांबडी खूण एकही नाही.

"झालं की त्यांचं बिनचूक," मी म्हटलं. बोलायचं म्हणून.

"एक राहिली आहे."

कुठे, ते त्यांनी बोटाने दाखवलं नाही. "पहिल्या वेळी माझ्याकडून सुटली. या कागदात मुळापासून आहे. मलाही परवा दिसली."

"मोठी?"

"पुरेशी."

वानखेडेलाही ती दिसली असावी. तो कागदाकडे पाठ करून नट निवडत होता, जे आधीच निवडलेले होते.

शु. म्हणाली, "दादा, मग चांगलंच की! राहू दे तशीच."

"राहिलीच आहे," मा. म्हणाले. "तीन दिवस राहिली आहे. तुला सांगून कळणार नाही, शुभे." जेवले नाहीत धड. ऋता सांगत होती, रोज सकाळी येतात, त्या कागदासमोर बसतात, उठतात, पुन्हा बसतात.

परतताना शु. गाडीत म्हणाली, "लहानपणी माझ्या वहीतली बेरीज चुकली तर हा जेवणावरून उठून यायचा."

२ डिसें., मंगळ.

दिल्लीचे दोघं गुरुवारी येणार. नक्की झालं. मी ज्यांना झाकण उचलून डोकावणारे केलं, त्यांची वाट आज मी बघतोय. त्यांनी टाकीत नीट उतरावं, तळ हाताने चाचपावा, घाई करू नये. चहा आम्ही देऊ. सील लावतील की नाही, ऋता विचारत नाही. तिने सगळ्या फायली तारखेप्रमाणे लावल्या आहेत. वानखेडेने मशिनं पुसली, मग आठवलं, काही पुसू नका म्हटलंय, तेव्हा कपडा घेऊन तसाच उभा राहिला.

माधवरावांना विचारलं, ती राहिलेली चूक त्या दोघांना सांगणार ना?

"अर्थात. त्यांनाच सांगणार. त्यांच्यासाठीच ठेवली आहे."

"मग मिटलं."

"काय मिटलं? काम दुसऱ्याकडे गेलंय ना? त्याच्या टेबलावर हाच कागद असेल. तो कसा माणूस आहे, काय माहीत."

निघताना दारापर्यंत सोडायला आले. कधी येत नाहीत. खिशातून तांबडी पेन्सिल काढली आणि माझ्या हातात दिली.

"गुरुवारपर्यंत तुमच्याकडे ठेवा."

"अहो, तुम्ही काय आता त्यांना—"

"ठेवा म्हटलं ना."

आणली. या वहीशेजारी आहे. निम्मी झिजलेली, टोक नुकतंच काढलेलं. शु.ने पाहिली, तिच्यावरचा माझा चष्मा तेवढा उचलून बाजूला ठेवला.

कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी वर्कशॉपमधे, कोणीतरी आज तो कागद पसरला असेल. तो आळशी असू दे. मागितलं तेवढंच देणारा असू दे. आणि माधवरावांसारखा असलाच, तर निदान त्याच्या दारात एखादा वानखेडे उभा असू दे.